राजाची पोथी, प्रजेची पोथी

बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांना ज्यू लोक तोरा म्हणतात. या पाच पुस्तकांत राजाविषयीचा कायदा एकाच ठिकाणी येतो आणि तो जेमतेम सात वचनांचा आहे: 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाचा सतरावा अध्याय, वचनं १४ ते २०. राजा परका नसावा, आपल्याच भाऊबंदांपैकी असावा. त्याने घोडे फार बाळगू नयेत, घोड्यांपायी लोकांना पुन्हा मिसरच्या वाटेला लावू नये, बायका फार करू नयेत, सोन्यारुप्याचा साठा करू नये. या सगळ्या मनाया झाल्या. 'हे कर' असं राजाला एकच सांगितलं आहे. सिंहासनावर बसला की त्याने लेवी याजकांपाशी असलेल्या ग्रंथावरून या नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहावी, ती जवळ बाळगावी आणि जन्मभर रोज वाचावी. त्याने तो देवाचं भय धरायला शिकेल, आपल्या भावांपेक्षा स्वतःला मोठा समजणार नाही आणि त्याचं व त्याच्या मुलांचं राज्य टिकेल, एवढी फलश्रुती.

सैन्य कसं उभारावं, कर किती घ्यावा, शत्रूशी तह कधी करावा, याबद्दल अक्षर नाही. राजाने बसायचं, लिहायचं आणि वाचायचं. या एका आज्ञेवर दोन हजारांहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. प्रत एक की दोन? राजाने स्वतः लिहायची की लेखनिकाकडून लिहवून घ्यायची? सगळी तोरा लिहायची की एखादाच भाग? ती बरोबर उतरली हे कोणी ठरवायचं? आणि राजाच उरला नाही तेव्हा या आज्ञेचं काय करायचं? वरवर पाहता हे कर्मकांडातले बारकावे वाटतात. पण प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी एकच वाद आहे: सत्तेने कायद्याच्या किती जवळ राहावं आणि तिच्यावर नजर कोणी ठेवावी.

कायदा आधी, राजा नंतर

या आज्ञेचं वेगळेपण कळायला तिचे शेजारी पाहावे लागतात. प्राचीन पश्चिम आशियात कायदा राजाच्या नावाने निघे. बॅबिलोनच्या हम्मुराबीचा सव्वादोन मीटर उंचीचा काळा शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला हा स्तंभ. त्याच्या माथ्यावर सूर्यदेव शमाश राजाच्या हाती अधिकाराची चिन्हं देताना कोरला आहे आणि खालचे सगळे नियम राजाचे म्हणून आले आहेत. देव अधिकार देतो, राजा कायदा देतो, अशी ती रचना.

'अनुवाद'मध्ये ही रचना मोडली आहे. तिथे कायदा राजाच्या आधीपासून आहे. मोशे तो लिहून याजकांच्या स्वाधीन करतो आणि कराराच्या कोशाशेजारी ठेवायला सांगतो, असं याच पुस्तकाचा एकतिसावा अध्याय सांगतो. राजा कायद्याचा कर्ता नाही, नक्कल उतरवणारा आहे. आणि नक्कल उतरवण्यासाठीही त्याला दुसऱ्याच्या ताब्यातल्या प्रतीकडे जावं लागतं. सोळाव्या अध्यायाच्या अखेरीपासून अठराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत न्यायाधीश, राजा, याजक आणि संदेष्टा अशा चार पदांचे नियम एकापाठोपाठ येतात. अवघड खटले मध्यवर्ती देवस्थानी याजक आणि न्यायाधीश यांच्यापुढे न्यायचे असतात. तिथे राजाचं नावही नाही. न्यायदान हा राजाचा पहिला मान समजला जाई त्या काळात हे फार धाडसाचं होतं. बर्नार्ड लेविन्सन या अमेरिकी अभ्यासकाने याच मुद्द्यावर भर दिला आहे: या कायद्याने राजाकडून जवळजवळ सगळे पारंपरिक अधिकार काढून घेतले आणि हाती एक ग्रंथ दिला.

हा कायदा कधी लिहिला गेला, यावर दोन मतं आहेत. श्रद्धावान ज्यूंच्या दृष्टीने तो मोशेच्या तोंडून आलेला, म्हणजे इस्राएलात राजा होण्याच्या कितीतरी आधीचा. जर्मन विद्वान डे वेट्टे याने १८०५ मध्ये वेगळा विचार मांडला. इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात योशीया राजाच्या काळी जो ग्रंथ सापडला तो 'अनुवाद'च्याच कुळातला असावा, असा तो विचार. तेव्हापासून बहुतेक आधुनिक अभ्यासक राजाच्या कायद्यात मागच्या राजांचा कडू अनुभव पाहतात. घोडे, बायका आणि सोनं हे तिन्ही शलमोन राजाच्या चरित्रात ठळकपणे येतं: चौदाशे रथ, बारा हजार घोडेस्वार, मिसरातून आणलेले घोडे, सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी. तालमुद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथाचे आचार्यही हे ओळखून होते. त्यांनी याचा असा अर्थ लावला: तोरेतल्या बहुतेक आज्ञांची कारणं सांगितलेली नाहीत, बायका आणि घोडे यांच्या बाबतीत ती सांगितली, आणि शलमोनासारखा शहाणा नेमका तिथेच घसरला. कारण कळलं की आपल्याला ते लागू नाही असं वाटू लागतं.

ज्यांनी लिहिलं नाही ते राजे

आता इतिहासाकडे वळलं की एक पेच पडतो. बायबलमधल्या राजांच्या कथांत कोणी राजा ही आज्ञा पाळून लेखणी हाती घेतल्याचा प्रसंग नाही. यहोशवा वेदीच्या दगडांवर नियमशास्त्राची प्रत लिहितो, पण तो राजा नव्हे. सात वर्षांच्या योवाशला गादीवर बसवताना याजक यहोयादा त्याला मुकुट घालतो आणि 'साक्षपत्र' देतो. ते काय होतं यावर भाष्यकारांचं एकमत नाही. काहींना त्यात राजाला दिलेली तोरा दिसते.

सर्वांत बोलका प्रसंग योशीयाचा. मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. चिटणीस शाफान तो राजापुढे वाचतो आणि राजा अंगावरची वस्त्रं फाडतो. मग हुल्दा या संदेष्ट्रीचा कौल घेतला जातो आणि राजा सगळ्या लोकांसमोर ग्रंथ वाचून करार करतो. ही कथा बहुधा भक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. पण सतरावा अध्याय मनात ठेवून वाचली तर तिच्यात राजघराण्यावरचा केवढा तरी आरोप आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी राजाला जो ग्रंथ नवा वाटतो, त्याची प्रत पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताखाली असायला हवी होती.

योशीयाचा मुलगा यहोयाकीम याची कथा तर बापाच्या कथेचं उलटं रूप आहे. हिवाळी महालात शेगडी पेटलेली असते. यिर्मया संदेष्ट्याचा ग्रंथपट राजापुढे वाचला जातो. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा तुकडा लेखनिकाच्या चाकूने कापतो आणि विस्तवात टाकतो. असा सगळा पट जळून जातो. कोणी भ्यालं नाही आणि कोणी वस्त्रं फाडली नाहीत, हे सांगायला निवेदक विसरत नाही. त्यावर यिर्मया काय करतो? बारूख या आपल्या लेखनिकाला सगळा मजकूर पुन्हा सांगतो आणि त्यात आणखी भर घालतो. लेखनाचं हत्यार राजाच्या हातात असूनही तो त्याने लिहीत नाही, कापतो.

दावीदसारखा लाडका राजा तरी हा कायदा कसा मोडू शकला? त्यालाही बायका अनेक होत्या. या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर 'दमास्कस दस्तऐवज' नावाच्या, एका प्राचीन ज्यू पंथाच्या ग्रंथात मिळतं. कैरोच्या गनिझातून (सभास्थानातल्या जुन्या लिखाणांच्या कोठीतून) आलेला हा ग्रंथ सॉलोमन शेक्टर यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्याचे तुकडे मृत समुद्राकाठच्या गुहांतही सापडले. त्याचं म्हणणं असं की तोरेचा ग्रंथ कोशात मोहोरबंद होता, सादोक याजकाच्या काळापर्यंत तो उघडलाच गेला नाही, म्हणून दावीदने तो वाचला नव्हता. यात दावीदची सुटका होते, पण एक तत्त्वही पक्कं होतं: राजाचं वागणं त्याने काय वाचलं यावर मोजायचं.

दोन टोकं: कुमरान आणि अलेक्झांड्रिया

यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या दोन लेखनांत या आज्ञेचे परस्परविरोधी अर्थ दिसतात आणि पुढच्या वादाची दोन्ही टोकं तिथेच ठरतात.

पहिलं 'मंदिर पट'. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकराव्या गुहेतली, सुमारे आठ मीटर लांबीची ही गुंडाळी १९६७ मध्ये यिगाएल यादीन यांच्या हाती आली आणि दहा वर्षांनी त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात राजाचा कायदा चार रकाने व्यापतो. मूळ वचनात राजा स्वतःसाठी लिहितो. इथे क्रियापद बदलून याजक राजासाठी लिहितात असं केलं आहे. एवढ्यावर भागलेलं नाही. बारा सरदार, बारा याजक आणि बारा लेवी अशा छत्तीस जणांचं मंडळ राजाबरोबर बसेल आणि त्यांना डावलून त्याने काही ठरवू नये, असंही सांगितलं आहे. राजाला जन्मभर एकच बायको. राजाच्या हातात लेखणी द्यायलाही या पटाचा कर्ता तयार नाही.

दुसरं टोक अलेक्झांड्रियाच्या फायलोचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणारा हा ज्यू तत्त्वज्ञ. त्याच्या मते राजाने स्वतःच्या हाताने लिहिलंच पाहिजे. नुसतं वाचलेलं वाहून जातं, पण सावकाश लिहिताना मन प्रत्येक शब्दावर थांबतं आणि तो आत ठसतो. फायलोचा राजा स्वतःशी बोलतो: एवढ्या मोठ्या सत्तेचा धनी असून, हुकूम केला तर हजार लेखनिक हजर असताना, मी हे का लिहिलं? आत्म्यावर कोरलं जावं म्हणून. इतर राजांचा राजदंड काठीचा असतो, याचा राजदंड हा ग्रंथच, असंही तो म्हणतो. कुमरानला राजाची भीती वाटते, फायलोला त्याला घडवता येईल अशी आशा वाटते.

रब्बींचा ताळा

मंदिर पडल्यावर, राजेही संपल्यावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्माचार्यांनी, या आज्ञेचा काथ्याकूट केला. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात राजाचा दिनक्रम असा ठरवला आहे: युद्धाला जाताना ग्रंथ बरोबर, परतताना बरोबर, न्यायाला बसताना जवळ, जेवायला बसला तर समोर. बाराव्या शतकात मायमोनिदीस या ज्यू पंडिताने अपवादही नोंदवले. स्नानगृह, शौचकूप आणि जिथे वाचणं योग्य नाही अशी ठिकाणं सोडून कुठेही ग्रंथ दूर करायचा नाही.

मग प्रती किती? मूळ वचनातला 'मिश्ने' हा शब्द प्रत असाही घेता येतो आणि दुहेरी असाही. तालमुदने दुहेरी अर्थ घेतला: एक प्रत खजिन्यात आणि दुसरी राजाबरोबर हिंडणारी. ही हिंडती प्रत ताईतासारखी करून दंडावर बांधायची, असंही एक मत आहे. तोरेत ३,०४,८०५ अक्षरं आहेत; ती दंडावर कशी मावणार, हा प्रश्न पुढच्या भाष्यकारांना पडलाच. रब्बींचं एक भाष्य विचारतं की फक्त 'अनुवाद' लिहिलं तर चालेल का, आणि उत्तर देतं की 'सगळी वचनं पाळावी' असं म्हटलं आहे, म्हणून सगळी तोरा लिहायला हवी.

बापाची प्रत वारशाने मिळाली असेल तर? तरीही नवी लिहायची. पूर्वजांच्या प्रतीवर राजाने मिरवू नये, असा नियम आहे. वंशपरंपरेने सिंहासन मिळतं, पण हे काम वंशपरंपरेने मिळत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चर्चा प्रत तपासण्याची आहे, आणि नेमकी तीच बऱ्याच लोकप्रिय विवेचनांत गळते. तोसेफ्ता या संग्रहात म्हटलं आहे की राजाची प्रत याजकांच्या, लेवींच्या आणि याजकांशी सोयरीक होऊ शकेल अशा कुळांतल्या इस्राएलींच्या न्यायसभांपुढे ताडून घ्यायची. यरुशलेमी तालमुद आणखी पुढे जातो: मंदिराच्या प्रांगणात ठेवलेल्या मूळ प्रतीवरून, एकाहत्तर जणांच्या महासभेच्या देखरेखीखाली ती शुद्ध करायची. मायमोनिदीसने हेच मान्य केलं. आणि ती मूळ प्रतही कोणा एकाची लहर नव्हती. प्रांगणात तीन ग्रंथ सापडले, त्यांच्यात काही शब्द वेगळे होते, तेव्हा दोहोंत जे एकसारखं होतं ते ग्राह्य धरलं, अशी परंपरा आहे. बहुमताने ठरलेल्या पाठावरून, एकाहत्तर जणांसमोर, राजाची नक्कल तपासायची. ज्या राजाने गैरसोयीचं वचन गाळलं असेल त्याची गाठ इथे पडते.

मायमोनिदीस (११३८–१२०४) या विषयात नुसता टीकाकार नव्हता. आपण स्वतः एक तोरा लिहिल्याचं तो सांगतो, तिच्या रकान्यांची मापंही देतो. आणि रचनेसाठी त्याने बेन आशेर घराण्यातल्या पंडिताने तपासलेली, तेव्हा मिसरात असलेली प्रसिद्ध पोथी आधाराला घेतली होती. आज अलेप्पो पोथी म्हणून ओळखली जाते ती हीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजाने ग्रंथ का बाळगावा याचं त्याने दिलेलं कारण नेमकं आहे: राजाचं मन म्हणजे साऱ्या समुदायाचं मन, म्हणून इतरांपेक्षा त्याला तोरेशी घट्ट बांधलं आहे.

मुळात राजा हवाच कशाला, असं विचारणारेही या परंपरेत आहेत. काही रब्बींना राजा नेमणं ही आज्ञा वाटली, काहींना लोकांच्या हट्टापुढे दिलेली सवलत. सर्वांत कडक भूमिका डॉन इसाक अब्राबानेल (१४३७–१५०८) याची. पोर्तुगालच्या आणि मग स्पेनच्या दरबारात वावरलेल्या या माणसाने राजेशाही जवळून पाहिली होती. इस्राएलला राजाची गरज नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

अग्रिप्पाचे अश्रू

राजाच्या वाचनाला एक सार्वजनिक बाजूही होती. दर सात वर्षांनी, पडीक वर्ष सरल्यावर येणाऱ्या मंडपांच्या सणात पुरुष, स्त्रिया, मुलं आणि परदेशी रहिवासी अशा सगळ्यांना जमवून तोरा वाचायची, असं एकतिसावा अध्याय सांगतो. मिश्नाच्या वर्णनानुसार हे वाचन राजाने करायचं. मंदिराच्या अंगणात लाकडी व्यासपीठ. ग्रंथ सेवकाकडून सभास्थानाच्या प्रमुखाकडे, त्याच्याकडून उपमुख्य याजकाकडे, मग मुख्य याजकाकडे आणि शेवटी राजाकडे. राजाच्या हाती येण्याआधी ग्रंथ चौघांच्या हातांतून जातो.

एकदा अग्रिप्पा राजाने उभ्याने वाचलं आणि विद्वानांनी त्याची वाहवा केली. तो हेरोदच्या कुळातला, म्हणजे इदोमी वंशाचा. परका राजा नेमू नये या वचनाशी तो आला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लोक ओरडले, घाबरू नकोस, तू आमचा भाऊ आहेस. बहुतेक जण हा इसवी सन ४१ ते ४४ या काळात यहूदियावर राज्य करणारा पहिला अग्रिप्पा मानतात. कथा इथे थांबली असती तर गोड झाली असती. पण तोसेफ्ता आणि तालमुद पुढे बजावतात की त्या दिवशी राजाची खुशामत केली म्हणून इस्राएल नाशाला पात्र झालं. राजाने वचन टाळलं नाही, हे बरोबर. लोकांनी ते वचन गिळलं, हे चूक.

राजाकडून प्रजेकडे

राजा नाही, मंदिर नाही, एकाहत्तर जणांची सभा नाही. तरीही आज्ञा उरली, कारण तिच्या शेजारी दुसरी एक आज्ञा वाढत होती. 'अनुवाद'च्या एकतिसाव्या अध्यायात हे गीत लिहून घ्या असं सांगितलं आहे. त्यावरून तालमुदने प्रत्येक माणसाला तोरा लिहिण्याचं कर्तव्य लावलं: पूर्वजांनी ग्रंथ ठेवला असला तरी आपला लिहावा. चौथ्या शतकातले आचार्य अबाये यांनी लगेच आक्षेप घेतला, की हे तर फक्त राजाबद्दल म्हटलं आहे. उत्तर मिळालं, की लिहायचं कर्तव्य सर्वांचं आहे. राजाचं वेगळेपण दुसऱ्या प्रतीत आहे. म्हणजे पहिली प्रत राजा माणूस म्हणून लिहितो आणि दुसरी राजा म्हणून. मायमोनिदीसच्या आज्ञांच्या यादीत राजाची आज्ञा सतरावी आणि सर्वांची अठरावी अशा त्या शेजारीशेजारी बसल्या. तेराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिल्या गेलेल्या 'सेफेर हा-खिनुख'मध्ये सर्वांची आज्ञा ६१३ वी, म्हणजे शेवटची आहे.

प्रत्यक्षात तोरा लिहिणं सोपं नाही. चर्मपत्र शुद्ध प्राण्याच्या कातड्याचं, शिवण त्याच प्रकारच्या प्राण्याच्या स्नायुरज्जूंची, ओळी शाईशिवाय आखलेल्या, लेखणी बोरूची किंवा पिसाची. पाठ असलं तरी एकही अक्षर आठवणीतून लिहायचं नाही, समोर ग्रंथ हवा. देवाचं नाव चुकलं तर ते खोडायचं नाही. एक अक्षर गळलं तरी ग्रंथ वाचनाला अपात्र. जाणता लेखनिक, ज्याला 'सोफेर' म्हणतात, साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ एका प्रतीवर घालवतो. म्हणून तालमुदनेच पायऱ्या केल्या: स्वतः लिहिलं तर सिनाय पर्वतावर मिळाल्यासारखं, आणि एक अक्षर दुरुस्त केलं तरी सगळं लिहिल्यासारखं. आज नवी तोरा पूर्ण होताना शेवटची काही अक्षरं समाजातल्या लोकांच्या हातून किंवा त्यांच्या नावाने भरून घेतात, त्या प्रथेचं मूळ या शेवटच्या सवलतीत आहे.

मध्ययुगात हेतूचा विचार पुढे आला. जर्मनीतून स्पेनमध्ये गेलेले आशेर बेन येहिएल, म्हणजे 'रोश' (मृत्यू १३२७), म्हणाले की आता तोरा सभास्थानात ठेवून सार्वजनिक वाचनापुरती वापरतात. लोक अभ्यास दुसऱ्या पुस्तकांतून करतात. म्हणून पंचग्रंथ, मिश्ना, तालमुद आणि भाष्यं लिहवून घेणं, विकत घेणं हीच आज ती आज्ञा. यावर पुढचे लोक भांडले: रोश यांनी गुंडाळीची जागा पुस्तकांना दिली, की पुस्तकांची भर घातली? अठराव्या शतकातले आर्ये लेब गुंझबर्ग यांनी तर आज ही आज्ञा पाळता येते का, हाच प्रश्न उभा केला. काही शब्दांत एखादं अक्षर लिहायचं की गाळायचं याचं पक्कं ज्ञान आपल्याला नाही, हे तालमुदमध्येच कबूल केलं आहे. मग आपली कोणतीही प्रत पूर्ण शुद्ध कशी? स्त्रियांनी लिहिण्यावरचा परंपरागत निर्बंधही अलीकडे पुरोगामी समाजांनी ओलांडला आहे.

मुकुटाशेजारचा ग्रंथ आणि कोकणातला

ख्रिस्ती युरोपनेही हे वचन उचललं. सॅलिसबरीच्या जॉनने ११५९ च्या 'पोलिक्रातिकुस' या ग्रंथात त्यावर अनेक प्रकरणं लिहिली आणि राजाला वाचता आलंच पाहिजे असा निष्कर्ष काढला. इंग्लंडच्या राज्याभिषेकात १६८९ पासून राजाच्या हाती बायबल दिलं जातं. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सलाही दिलं. पण दिलेला ग्रंथ आणि स्वतः उतरवून, दुसऱ्यांकडून तपासून घेतलेला ग्रंथ यांत फरक आहे. राज्याभिषेकात राजा स्वीकारतो. सतराव्या अध्यायात तो परीक्षेला बसतो.

राजा कधीच नव्हता अशा ज्यू समाजाचं एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतकं शब्बाथ पाळत आणि 'शेमा' ही प्रार्थना म्हणत आले, पण त्यांच्याकडे लिखित तोरा नव्हती. तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना शनिवारी काम बंद ठेवण्यावरून शनवार तेली हे नाव पडलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल इझिकेल दिवेकर) यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं, तेच पुढे 'शाआर हारहमीम' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिथे ठेवायला सेफेर तोरा (तोरेची हस्तलिखित गुंडाळी) हवी म्हणून ते कोचीला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले, असं समाजाच्या इतिहासात सांगतात. आज अलिबाग, रेवदंडा, पुणे आणि मुंबईच्या सिनेगॉगांत हेखल (तोरा ठेवायचं पवित्र कपाट) उघडून जी सेफेर तोरा बाहेर काढतात, ती याच दुसऱ्या, प्रजेच्या आज्ञेची वाट चालून आलेली आहे.

कोण तपासणार?

सगळे वाद एका जागी ठेवले की या आज्ञेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. फायलोची कल्पना मोहक आहे: हाताने लिहिलं की मन बदलतं. पण लिहून न बदललेली मनं पुष्कळ आहेत, आणि लिहिता येणारा राजा मजकूरही बदलू शकतो. म्हणून रब्बींनी हस्ताक्षरापेक्षा ताळ्यावर जास्त भर दिला. मूळ प्रत दुसऱ्याच्या ताब्यात, पाठ बहुमताने ठरलेला, तपासणारे अनेक आणि वेगवेगळ्या वर्गांतले, ग्रंथ चारचौघांत वाचायचा. हे चार अडसर राजाच्या चांगुलपणावर अवलंबून नाहीत.

मर्यादाही उघड आहे. राजाने लिहिलं नाही तर काय, याचं उत्तर कायद्यात नाही. राज्य टिकेल एवढं आमिष आहे, शिक्षा नाही. मिश्ना तर म्हणते की राजा न्याय करत नाही आणि त्याचा न्याय होत नाही. एकाहत्तर जणांची सभा प्रत ताडून पाहू शकते, राजाला बसवून लिहायला लावू शकत नाही. यहोयाकीमसमोर दरबार गप्प होता.

म्हणूनच मला वाटतं, तोरा लिहिण्याचं कर्तव्य प्रजेकडे जाणं ही राजा गेल्यावरची पर्यायी सोय नव्हती. राजाची आज्ञा चालायची तर मुळातच ती लागत होती. योशीयाच्या काळी ग्रंथ एकच होता आणि तो हरवला होता, म्हणून पिढ्यानपिढ्या कोणाला काही कळलं नाही. अग्रिप्पा रडला, कारण पुढचं वचन कोणतं हे अंगणातल्या गर्दीला माहीत आहे हे त्याला कळत होतं. आणि त्या गर्दीला रब्बींनी दोष दिला, कारण माहीत असूनही तिने ते सोडून दिलं. राजाने काय लिहिलं आणि काय गाळलं हे ओळखायला प्रजेपाशी स्वतःची प्रत हवी, आणि ओळखल्यावर ते बोलून दाखवायची तयारीही हवी. पहिल्या गोष्टीची तजवीज ज्यू परंपरेने सहाशे तेराव्या आज्ञेत केली. दुसरीची तजवीज कोणत्याच आज्ञेत करता येत नाही.